पंख्याला रिमोट, मशीनला ॲप आणि आमच्या सोसायटीचं एक्सेल

खडूस_दादरकर :
मंडळी, मुलाने हौसेने नवीन वॉशिंग मशीन पाठवलं. जुन्याला एक गोल खटका होता. फिरवला की चालू, ओढला की बंद. नव्याला वरती गुळगुळीत काळी पट्टी आहे आणि ओल्या बोटाला ती अजिबात दाद देत नाही. कपडे धुणाऱ्याचं बोट ओलं असणार एवढं त्या कारखान्यात कुणाला सुचलं नाही, पण आत 'एआय वॉश' मात्र घातलंय. बसवायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, ॲप टाकून घ्या, म्हणजे ऑफिसातूनसुद्धा मशीन चालू करता येईल." अरे बाबा, एक तर मी रिटायर झालोय. आणि ऑफिसात असतो तरी आत कपडे कोण टाकणार होतं, शिपाई?

ॲपने नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, जन्मतारीख विचारली, मग लोकेशन हवं म्हणालं. माझी बनियनं धुवायला माझी जन्मतारीख कशाला लागते? पत्रिका जुळवणार आहेत का?

हा झाला विकतचा शहाणपणा. आता घरगुती शहाणपणा ऐका. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा सगळा हिशेब तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्वतः रचलेल्या एक्सेलवर चालतो. हिरव्या चौकटीत आकडा भरायचा, लाल चौकट आपोआप भरते आणि पिवळ्या चौकटीला हात लावायचा नाही. का लावायचा नाही ते फक्त काकांना ठाऊक. आता काका मुलीकडे बंगळुरूला निघालेत, ते कायमचेच. नवी कमिटी म्हणते, दर फ्लॅटमागे महिन्याला पैसे घेणारं ॲप घेऊ. माझा विश्वास ना ॲपवर, ना पिवळ्या चौकटीवर. तुमच्याकडे काय केलंत? भांडणं नकोत, अनुभव सांगा.

पेनड्राइव्ह :
"भांडणं नकोत" म्हणणारा धागा शंभर प्रतिसाद गाठतोच. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मुलुंडची_मावशी :
वॉशिंग मशीनचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे पंख्याला रिमोट आलाय. हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे. रिमोट दाबला की दोन्ही ऐकतात. मला सोफ्यावर वारा हवा असतो, ह्यांना दिवाणावर नको असतो. रिमोट दोन आहेत, म्हणजे भांडायला दोघांच्या हातात हत्यार आहे एवढंच. परवा ह्यांनी आपला रिमोट पांघरुणात धरून गुपचूप दाबला, तरी त्यांचाच पंखा तसाच आणि माझा बंद!

आणि भिंतीवरचा रेग्युलेटर त्या मुलाने काढून टाकला. तिथे आता पांढरी प्लेट आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ती आधी दाबून बघतो.

सर्किट_परळ :
मावशी, रेग्युलेटर त्याने बरोबर काढला. ते बीएलडीसी, म्हणजे बिनब्रश मोटरचे, पंखे असतात, त्यांच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. जुना रेग्युलेटर मध्ये ठेवला तर ते सर्किट जळू शकतं. आणि उगाच नावं ठेवू नका. साधा पंखा ७०-८० वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. मुंबईच्या उकाड्यात पंखा १२ तासांवर थोडाच थांबतो!

दोन पंख्यांवर उपाय : एकाचा रिसीव्हर चिकटपट्टीने झाका आणि तो पंखा भिंतीवरच्या बटणाने चालवा. काही मॉडेलांत बटण पटकन बंद-चालू केलं की स्पीड बदलतो. माहितीपत्रकात बघा.

मुलुंडची_मावशी :
साडेतीन हजारांचा पंखा आणि त्याच्या डोळ्यावर चिकटपट्टी. बरं. पण कुणाच्या पंख्यावर लावायची ते ठरवायला वेगळा धागा काढावा लागेल.

निमा :
आमच्या गेटवरचं ॲप कुणाला सांगावं! पाहुणा आला की वॉचमन नोंद करतो, मला फोनवर विचारणा येते, मी 'हो' म्हटलं की गेट उघडतं. कागदावर छान. मी चर्चगेटला मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, आणि आई खाली हातात डबा घेऊन उभी. वॉचमन तिला वर्षानुवर्षं ओळखतो. "माताजी को पहचानता हूँ, लेकिन सिस्टम नहीं मान रहा." शेवटी त्याने डोकं लढवलं आणि आईची नोंद 'डिलिव्हरी' म्हणून केली. मला मेसेज आला : तुमची डिलिव्हरी लिफ्टमध्ये आहे. सोबत आईचा फोटो, चेहऱ्यावर जे काही होतं ते इथे लिहिता येणार नाही.

पेनड्राइव्ह :
हसून हसून पुरेवाट! आईला रेटिंग किती दिलंस?

गिरगावची_गॅलरी :
चाळीत आमच्याकडे ही सिस्टीम फुकट होती. सामाईक गॅलरी, तिच्या टोकाला खोली नंबर ९ च्या आजी. कोण आला, कुणाकडे आला, हातात काय होतं, किती वेळ बसला, जाताना तोंड कसं होतं. नेट नको, वीज नको. प्रायव्हसी मात्र शून्य, ते कबूल. पण आजींनी माहिती फार तर पुढच्या खोलीत दिली असती, तुमचं ॲप कुणाला देतं ते शोधा.

खरं तर मुंबईने कॉम्प्युटरशिवाय चालणारी सॉफ्टवेअरं कधीच केली आहेत. डबेवाल्यांचंच बघा ना, झाकणावरची अक्षरं, आकडे, रंग...

सर्किट_परळ :
आले, डबेवाले आले! मुंबईचा कुठलाही धागा दहा प्रतिसादांच्या आत डबेवाल्यांपाशी पोचतोच.

निमा :
सर्किटराव, डबेवाल्यांना हसू नका. त्यांनी माझ्या आईला नक्की वर सोडलं असतं.

टॅलीटोळ :
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी सोसायट्यांचे हिशेब तपासतो, त्यामुळे घरगुती एक्सेल हा माझा रोजचा पाहुणा. दादरकर, काकांची फाइल घेण्याआधी दोन ठिकाणी बारीक नजर टाका.

पहिलं, खोली नंबर. जुन्या चाळींच्या पुनर्विकासात लोक जुने नंबर तसेच लिहितात : ३/१२, ५/७. एक्सेलला वाटतं ही तारीख. आपल्या सेटिंगच्या कॉम्प्युटरवर ३/१२ लिहिलं की ३ डिसेंबर, अमेरिकी सेटिंग असलेल्या लॅपटॉपवर तेच लिहिलं की १२ मार्च. एका सोसायटीत थकबाकीदारांच्या यादीत '७ मे' हे गृहस्थ होते. कमिटी त्यांना नोटीस काढायच्या बेतात होती. हा रोग साधा नाही. माणसाच्या जनुकांपैकी काहींची छोटी नावं मार्च१, सेप्ट१ अशी होती. शास्त्रज्ञांनी ती एक्सेलमध्ये भरली की त्यांच्या तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. एक्सेल नाही बदललं, जनुकाने नमतं घेतलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळजवळ १६ हजार रुग्णांच्या नोंदी गळाल्याचं उघड झालं. लॅबकडून येणारी माहिती जुन्या एक्सएलएस फायलींत भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळच बसत नाही. पुढच्या ओळी गुपचूप गायब. तुमच्या सोसायटीला तेवढ्या ओळी लागायला काही शतकं जातील, तो घोर नको.

दुसरं, व्याज. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळ व्याज. घरगुती एक्सेलमध्ये बऱ्याचदा मागच्या महिन्याची एकूण बाकी, म्हणजे व्याजासकट, पुढच्या महिन्याचं मुद्दल म्हणून ओढलेली असते. झालं ना चक्रवाढ! १०,००० रुपये तीन वर्षं थकले तर सरळ व्याज ६,३००. महिन्याला चक्रवाढ लावलं तर ८,६७४. वरचे २,३७४ रुपये कुठल्याच नियमात बसत नाहीत आणि सभासद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेला तर कमिटी गोत्यात. पिवळ्या चौकटीत काय आहे ते एकदा बघाच.

खडूस_दादरकर :
टॅलीटोळ, दंडवत. आज संध्याकाळी काकांना चहाला बोलावतो आणि पिवळी चौकट उघडायला लावतो.

अंधेरी_अपडेट :
मी दुसरी बाजू मांडतो, शिव्या घालायला सगळे आहेतच. मी पोटापाण्यासाठी ॲपच बनवतो. काकांचं एक्सेल गोड वगैरे आहे, पण ते एका लॅपटॉपवर, एका माणसाच्या डोक्यात. लॅपटॉप पडला तर? पिवळ्या चौकटीचं गुपित घेऊन काका बंगळुरूला, तुम्ही इथे. ॲपमध्ये पावती लगेच जाते, कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते, कमिटी बदलली तरी हिशेब जागेवर. पैसे लागतात, कारण कोणीतरी ते सांभाळतं.

गिरगावची_गॅलरी :
सांभाळतं? आमच्या ॲपला तक्रार केली की "तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं उत्तर येतं. आपोआप. रविवारी पहाटेसुद्धा. काकांच्या दारावर निदान थाप तरी मारता येते.

अंधेरी_अपडेट :
आणि काका नसतील तेव्हा?

गिरगावची_गॅलरी :
काकू असतात.

डॉट_मॅट्रिक्स :
मुलांनो, एक्सेलला घरगुती म्हणता? मी एका पतपेढीसाठी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरात प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा तुमच्यातले निम्मे पाळण्यात असतील. मायक्रोसॉफ्टने फॉक्सवाली कंपनी १९९२ साली विकत घेतली, शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची, आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही काढून घेतला. मालकाने हात वर केले, पण पतपेढीचं ठेवींचं रजिस्टर आजही माझ्याच प्रोग्रॅमवर. मधे त्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले, ६४ बिटवाले. त्यावर माझा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातला, प्रोग्रॅम उठेचना. मला घरून बोलावलं. मी डॉसबॉक्स टाकून दिलं. हे मुळात जुने गेम खेळायला बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे. तेव्हापासून तिथल्या ठेवीदारांचं व्याज गेमच्या खिडकीत मोजलं जातं, पैशाचा फरक नाही.

काळा पडदा, पिवळी अक्षरं, माउस नाही. एंटर, एंटर, एफ१०. काउंटरवरच्या ताई पडद्याकडे न बघता पावती काढतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा खर्रखर्र आवाज आला की ठेवीदार आपसूक उठून काउंटरवर येतो, नाव पुकारावं लागत नाही. नव्या मॅनेजरने एकदा ढेरीदार रंगीत सॉफ्टवेअर आणलं. त्यात एका पावतीला माउसच्या इतक्या टिचक्या लागायच्या की रांग जिन्यापर्यंत गेली. ताईंनी चहाच्या सुट्टीनंतर गुपचूप काळा पडदा उघडला.

मात्र अंधेरीवाल्यांचा मुद्दा मी खोडणार नाही. माझ्यानंतर तो कोड वाचणारं कोणी नाही. मी त्यात मराठीत टिपा लिहिल्यात, पण त्या ज्या फॉण्टात लिहिल्या तो फॉण्ट आता कुणाकडे नाही.

निमा :
अरे देवा, फॉण्ट! आमच्या वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी जुन्या शिवाजी फॉण्टात टाइप होते आणि व्हॉट्सॲपवर वर्डची फाइल येते. फोनवर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा. कुठल्याही फोनवर मराठी नीट दाखवणारं युनिकोड येऊन तीन दशकं झाली, सेक्रेटरींपर्यंत अजून पोचलेलं नाही. गेल्या वर्षी कोरम न होण्याचं कारण तेच होतं असं माझं ठाम मत आहे.

पेनड्राइव्ह :
कोरम न होण्याचं कारण समोसे नव्हते हे आहे.

टाकीवाला_बोरिवली :
घरगुतीची गोष्ट निघालीच आहे तर माझं पाप ऐका. आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे येतं. गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि पंप बंद करायला कोणी उठायचं नाही. मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक ईएसपी८२६६चा छोटा वायफायवाला बोर्ड आणि आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर आणला. वटवाघळासारखं काम : ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडायचा, तो पाण्यावर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, पुढचा हिशेब शाळेतला. पाणी वर आलं की ग्रुपवर मेसेज : "टाकी भरली, पंप बंद करा."

पहिला आठवडा मला सोसायटीत राजासारखी वागणूक होती. मग एका रात्री दोन वाजता मेसेज. टाकी भरली. पाच मिनिटांनी, टाकी रिकामी. परत भरली. सेक्रेटरी लुंगीवर गच्चीत. झाकण उघडलं तर सेन्सरच्या दोन डोळ्यांपुढे पाल. ती सरकली की रिकामी, परत आली की भरली.

पावसाळ्यात आतल्या वाफेने तो सेन्सर मेलाच. मग वॉटरप्रूफ आणला. त्याची गंमत अशी की साधारण वीसेक सेंटीमीटरच्या आत काही आलं तर त्याला कळत नाही, तो वाटेल ते आकडे फेकतो. म्हणजे टाकी काठोकाठ आली, नेमकी खबर हवी त्या घडीला, की हे साहेब बरळायला लागतात. शेवटी झाकणावर एक पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून त्याच्या डोक्यावर सेन्सर बसवला, वीसेक सेंटीमीटर वर उचलून. तेव्हापासून ठीक आहे.

आमच्या प्लंबरने हे सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावला असता तर दोनशे रुपयांत झालं असतं."

सर्किट_परळ :
प्लंबरचं बरोबर आहे, पण फ्लोटची गोष्ट सांगायला मजा आली असती का? बाय द वे, ग्रुपवर मेसेज येतो म्हणजे नेट गेलं की टाकी वाहणार. सेन्सरला सरळ रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडून पंपच बंद कर ना.

टाकीवाला_बोरिवली :
केला होता. मग पाल बसली की पंप बंद. एक दिवस सगळी बिल्डिंग बिनपाण्याची. आता निर्णय माणूस घेतो, यंत्र फक्त कळवतं.

मुलुंडची_मावशी :
पालीला ग्रुपची ॲडमिन करा.

गिरगावची_गॅलरी :
घरगुतीतलं चांगलंही सांगा की. एम-इंडिकेटर आठवतंय? मुंबईच्याच एका इंजिनियरचं पोर ते. साध्या जावावाल्या फोनवर, नेट नसताना लोकलचं टाइमटेबल दाखवायचं. जन्मतारीख विचारली नाही, 'अनुभव' विचारला नाही. ८.४२ कधी येते विचारलं की ८.४२ ला म्हणायचं. गाडी आली नाही तर दोष त्याचा नव्हता.

अंधेरी_अपडेट :
बघा, ते ॲपच आहे. मी निघतो.

गिरगावची_गॅलरी :
थांबा हो. कांदाभजी मागवतोय.

खडूस_दादरकर :
काका येऊन गेले. चहा झाला, पिवळी चौकट उघडली. अहवाल देतो.

पिवळ्या चौकटीत २१ आहे. फक्त २१. काकांचं म्हणणं, मागे एका खजिनदाराने मेव्हण्याची थकबाकी होती म्हणून तिथे १२ केलं होतं, तेव्हापासून ती सोवळ्यात. व्याज सरळच आहे टॅलीटोळ, मी स्वतः दोन थकबाकीदारांचं कागदावर करून ताडून पाहिलं. खोली नंबरांपुढे काकांनी प्रत्येक ठिकाणी आधीच एक उलटा स्वल्पविराम (') मारलेला आहे, त्यामुळे एक्सेल त्यांना नुसती अक्षरं समजतं आणि तारखा झालेल्या नाहीत. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाले, "कुणी नाही, एकदा माझी खोलीच २ ऑक्टोबर झाली होती."

पण त्याच फायलीत एक लपवलेलं पान निघालं, नाव 'तात्पुरते'. त्यात २००९ पासूनच्या पाण्याच्या टँकरांची नोंद : तारीख, गाडी नंबर, लिटर, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "पाणी गढूळ." "चालक उर्मट." "टाकी आधीच भरली होती, परत पाठवला, तरी पैसे मागतो." एका ओळीत नुसतंच "हद्द झाली." असं रजिस्टर तुमच्या ॲपमध्ये ठेवता येईल का, अंधेरीवाले?

टॅलीटोळ :
काकांना माझा नमस्कार सांगा. टँकरची नोंद जपून ठेवा, ठेकेदाराशी वाद झाला तर सोन्याच्या भावाची आहे.

अंधेरी_अपडेट :
शेरे ठेवता येतात, तसा रकाना असतो. पण एक व्यवहारी गोष्ट, माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो : ॲप घ्याल ते घ्या, सही करण्याआधी एकच विचारा. आम्ही सोडून गेलो तर सगळा डेटा आम्हाला कशात देणार? "पीडीएफमध्ये" म्हणाले तर उठून या. एक्सेलमध्ये मिळाला पाहिजे.

डॉट_मॅट्रिक्स :
म्हणजे एक्सेलमधून ॲपमध्ये आणि ॲपमधून एक्सेलमध्ये. मधल्या प्रवासाचे पैसे दर फ्लॅटमागे.

टॅलीटोळ :
मी सांगेन, सप्टेंबरअखेरची वार्षिक सभा होईपर्यंत दोन्ही समांतर चालवा. बिलं ॲपमधून, ताळा काकांच्या फायलीवर. सलग तीन महिने पैशालाही फरक आला नाही तर मग काय ते ठरवा. आणि काका जाण्याआधी फाइल कशी चालते त्याचा एक पानभर कागद त्यांच्याकडून हाताने लिहून घ्या.

खडूस_दादरकर :
हे पटलं. कागद काकू लिहिणार आहेत, काकांचं अक्षर कुणालाच लागत नाही. बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर मदत करतो म्हणालेत, पण दुपारी दोन ते चार सोडून.

सर्किट_परळ :
टाकीवाले, तुमचा पाइपवाला जुगाड आमच्या बिल्डिंगला हवाय. पाइप किती जाडीचा घेतलात?

टाकीवाला_बोरिवली :
सेन्सरच्या तोंडापेक्षा चांगलाच रुंद घ्या. अरुंद घेतला तर आवाज पाइपच्या भिंतीवरूनच परततो आणि टाकी कायम भरलेली दिसते. लॅमिंग्टन रोडला एकत्र जाऊ या का? कुणाकुणाला यायचंय?

मुलुंडची_मावशी :
मी येते. मला तिसरा रिमोट हवाय, ह्यांना न सांगता.

पेनड्राइव्ह :
कट्टा ठरला! रविवारी का?

सर्किट_परळ :
रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी अकरा वाजता, ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेला. येताना सुट्टे पैसे आणा, स्कॅनर प्रत्येकाकडे आहे पण नेट त्या गल्लीत कुणाचंच चालत नाही.